पिशवीबरोबर अंडाशयेही काढली असतील तर: चाळिशीच्या आत ऑपरेशन झालेल्या स्त्रियांनी पुढे काय करावे

सातारा-सांगली भागात चाळिशीच्या आतल्या एखाद्या बाईला तिच्या ऑपरेशनविषयी विचारले, तर "पिशवी काढली", म्हणजे गर्भाशय काढले, एवढेच उत्तर मिळते. पिशवीबरोबर अंडाशये काढली की ठेवली, असे विचारल्यावर ती सोबत आलेल्या नवऱ्याकडे किंवा सासूकडे पाहते, आणि त्यांनाही ते ठाऊक नसते. परिचारिकेची नोकरी संपल्यावर कोरेगाव तालुक्यात बचत गटांच्या बैठकांना जाऊन स्त्रियांची डिस्चार्ज कार्डे वाचून दाखवण्याचे काम मी हाती घेतले, त्याचे कारण हेच. आपल्या पोटातून नेमके काय गेले, हे कार्डावर अनेक वर्षे लिहिलेले असते आणि जिच्या पोटातून ते गेले तिलाच ते माहीत नसते.

गर्भाशय आणि अंडाशये या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गर्भाशय काढले की पाळी थांबते आणि मूल होत नाही. परंतु अंडाशये जागेवर असतील, तर इस्ट्रोजेन हे संप्रेरक (हार्मोन) शरीरात तयार होत राहते आणि खरी रजोनिवृत्ती (अंडाशयांचे काम थांबणे), फार तर काही वर्षे अलीकडे, पण आपल्या क्रमानेच येते. दोन्ही अंडाशये काढली की मात्र त्याच दिवशी रजोनिवृत्ती होते. निसर्गक्रमाने हा बदल चार-सहा वर्षांत हळूहळू घडतो आणि आपल्याकडे तो साधारण 46-47 व्या वर्षी पूर्ण होतो. शस्त्रक्रियेत तो एका दुपारीच घडतो, आणि बाई 34 वर्षांची असेल, तर तिची हाडे, हृदय आणि मेंदू यांना तिच्या मैत्रिणींपेक्षा बारा-तेरा वर्षे अधिक काळ इस्ट्रोजेनवाचून काढावी लागतात. शिवाय अंडाशये पाळी गेल्यानंतरही अनेक वर्षे थोडे टेस्टोस्टेरॉन तयार करीत असतात आणि त्यातील काहीचे चरबीच्या पेशींमध्ये इस्ट्रोजेन होते. म्हणून "आता पोरेबाळे झाली, अंडाशयांचा उपयोग काय?" हा प्रश्न मुळातच चुकीचा आहे.

आधी कागद शोधावा

पुढचे सर्व निर्णय एका ओळीवर अवलंबून असल्यामुळे सुरुवात कागदापासून करावी. डिस्चार्ज कार्डावर किंवा ऑपरेशनच्या नोंदीवर इंग्रजी आद्याक्षरे असतात. त्यांपैकी 'टीएएच' म्हणजे पोटावर छेद घेऊन, 'व्हीएच' किंवा 'एनडीव्हीएच' म्हणजे खालच्या मार्गाने, आणि 'टीएलएच' म्हणजे दुर्बिणीने गर्भाशय काढले. यांतील एकाही अक्षरसमूहावरून अंडाशयांचे काय झाले हे कळत नाही. त्यापुढे 'बीएसओ' असेल, तर दोन्ही अंडाशये बीजवाहक नलिकांसह गेली आहेत. 'आरएसओ' म्हणजे फक्त उजवे आणि 'एलएसओ' म्हणजे फक्त डावे अंडाशय काढले. एक अंडाशय शाबूत असेल, तर ते बहुधा दोघांचे काम पुरेसे सांभाळते आणि या लेखातील बराचसा भाग त्या स्त्रीला लागू होत नाही. केवळ 'बीएस' असेल, तर नलिका काढल्या आणि अंडाशये ठेवली, असा अर्थ घ्यावा. काढलेला अवयव तपासणीला पाठवला असेल, तर त्या पॅथॉलॉजीच्या अहवालातही किती अंडाशये पोहोचली हे मापासह लिहिलेले असते, आणि माझ्या अनुभवाने हा कागद डिस्चार्ज कार्डापेक्षा अधिक विश्वासाचा असतो.

कागद हरवले असतील, तर जेथे ऑपरेशन झाले त्या रुग्णालयाकडे लेखी अर्ज करावा. वैद्यकीय व्यवसायाच्या 2002 च्या नियमांनुसार आंतररुग्णाची कागदपत्रे डॉक्टरांनी तीन वर्षे जपून ठेवायची असतात आणि मागणी आल्यावर 72 तासांच्या आत द्यायची असतात. अर्जाची पोच घ्यावी. तोंडी विचारणा करून "बाई, जुने रेकॉर्ड नाही" एवढे ऐकून परत फिरू नये. तीन वर्षे उलटून गेली असतील आणि कागद मिळणारच नसतील, तर सोनोग्राफी आणि एफएसएच ही रक्ताची तपासणी यांवरून बरेचसे कळते. अंडाशयांचे काम थांबले असेल, तर एफएसएचचे प्रमाण खूप वाढलेले असते. मात्र संप्रेरकांच्या गोळ्या चालू असताना या आकड्याचा अर्थ लावता येत नाही, ही गोष्ट तपासणीपूर्वीच डॉक्टरांना सांगावी.

शरीरात काय बदलते

पहिल्या काही आठवड्यांत गरम वाफा येतात, रात्री घामाने झोप मोडते, छातीत धडधडते, चिडचिड होते. नैसर्गिक रजोनिवृत्तीपेक्षा हे सारे अधिक तीव्र असते. त्रास दिसतो म्हणून त्याकडे लक्ष तरी जाते. खरी चिंता आहे ती न दिसणाऱ्या बदलांची.

सर्वांत आधी हाडे. इस्ट्रोजेन गेल्यावर हाडांतील झीज भरून येण्यापेक्षा वेगाने होऊ लागते. नैसर्गिक रजोनिवृत्तीनंतरच्या पहिल्या काही वर्षांत मणक्यांची घनता वर्षाला दोन ते तीन टक्क्यांनी उतरू शकते आणि शस्त्रक्रियेनंतर हा वेग त्याहून अधिक असतो. दुखत काहीच नाही; पन्नाशीत पाय घसरून मनगट मोडते किंवा पाटी उचलताना पाठीचा मणका दबतो, तेव्हा प्रथम कळते.

हृदयाच्या बाबतीतही तसेच. रक्तातील घातक कोलेस्टेरॉल वाढते, रक्तवाहिन्या ताठर होतात, पोटाभोवती चरबी साठते आणि रक्तदाब चढू लागतो. अमेरिकेतील परिचारिकांच्या एका मोठ्या अभ्यासात साध्या, कर्करोगाशी संबंध नसलेल्या कारणांसाठी गर्भाशय काढलेल्या 29,380 स्त्रियांचा 24 वर्षे पाठपुरावा करण्यात आला. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत असे आढळले की, ज्यांची अंडाशयेही काढली होती त्यांना अंडाशयाचा आणि स्तनाचा कर्करोग कमी झाला, पण हृदयविकार आणि एकूण मृत्यू यांचे प्रमाण अंडाशये ठेवलेल्या स्त्रियांपेक्षा अधिक होते. त्याआधी 2006 मध्ये मिनेसोटातील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी 1950 ते 1987 या काळात ऑपरेशन झालेल्या स्त्रियांच्या नोंदी तपासल्या होत्या. वयाच्या 45 व्या वर्षापूर्वी दोन्ही अंडाशये काढलेल्या आणि वयाच्या 45 पर्यंत इस्ट्रोजेन न मिळालेल्या स्त्रियांमध्ये मृत्यूचे प्रमाण वाढलेले त्यांना दिसले, आणि पुढच्या वर्षी त्याच गटाने विस्मरण आणि बुद्धिभ्रंश यांच्याशी असलेला संबंधही मांडला. ऑपरेशनच्या वेळी वय जितके कमी, तितका धोका अधिक. हे सारे पाठपुराव्याचे अभ्यास आहेत, त्यामुळे काही स्त्रियांची प्रकृती मुळातच नाजूक असण्याची शक्यता उरते. पण इतक्या वेगवेगळ्या गटांतून कौल एकाच बाजूला पडत असेल, तर चाळिशीच्या आतल्या बाईने तो गांभीर्याने घ्यावा, असे मला वाटते.

मूत्रमार्ग आणि योनीमार्ग यांविषयी आपल्याकडे कोणी बोलत नाही. तेथील त्वचा पातळ आणि कोरडी होते, संबंधांच्या वेळी दुखते, वारंवार लघवीला जळजळ होते, आणि बाई दर दोन महिन्यांनी प्रतिजैविकांची पुडी घेत राहते. अशा वेळी जागेवर लावण्याचे इस्ट्रोजेनचे मलम बहुतेकींना उपयोगी पडते आणि त्यातून रक्तात जाणारे औषध अगदी अल्प असते. हा प्रश्न विचारताना संकोच वाटत असेल, तर "मॅडम, खाली कोरडेपणा आहे आणि लघवीला सारखी आग होते" एवढे एक वाक्य पुरेसे आहे.

संप्रेरकांविषयीची भीती

आता मुख्य मुद्दा. दोन्ही अंडाशये 45 वर्षांच्या आत काढली असतील आणि संप्रेरके न देण्याचे ठोस कारण नसेल, तर निदान नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत, म्हणजे साधारण पन्नाशीपर्यंत, इस्ट्रोजेन भरून द्यावे, असे जगभरच्या स्त्रीरोग तज्ज्ञांच्या संघटनांचे मत आहे. तरीही आपल्याकडे ऑपरेशननंतर कॅल्शियमची गोळी देऊन बाईला घरी पाठवले जाते, आणि कोणी संप्रेरकांचे नाव काढलेच, तर "त्याने कॅन्सर होतो" म्हणून शेजारीण तिला थांबवते.

या भीतीला एक इतिहास आहे. 2002 मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीतील इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या संप्रेरकासारखे काम करणारे औषध) एकत्र घेणाऱ्या स्त्रियांचा भाग मध्येच थांबवण्यात आला, कारण त्यांच्यात स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण वाढलेले दिसले. त्या स्त्रियांचे सरासरी वय 63 होते. पाळी जाऊन बरीच वर्षे लोटल्यावर त्यांनी औषध सुरू केले होते. 36 व्या वर्षी अंडाशये गमावलेल्या बाईचा प्रश्न वेगळा आहे: तिच्या वयात शरीरात जे असायलाच हवे होते, तेच तिला परत दिले जाते. त्याच चाचणीच्या दुसऱ्या भागात, गर्भाशय काढलेल्या आणि केवळ इस्ट्रोजेन घेतलेल्या स्त्रियांमध्ये, स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण वाढले नाही, ही गोष्ट मात्र बातम्यांत फारशी आली नाही.

गर्भाशय काढलेले असेल, तर सामान्यतः केवळ इस्ट्रोजेन पुरते. गर्भाशय शाबूत ठेवून फक्त अंडाशये काढली असतील, तर गर्भाशयाच्या अस्तराला धोका होऊ नये म्हणून प्रोजेस्टेरॉन जोडावे लागते. औषध गोळी, त्वचेवर लावायची जेल किंवा चिकटपट्टी अशा रूपांत मिळते. वजन जास्त असेल, रक्तदाब असेल किंवा रक्ताच्या गुठळीची भीती असेल, तर त्वचेतून दिलेले औषध गोळीपेक्षा सुरक्षित मानले जाते. तरुण स्त्रीला पन्नाशीच्या स्त्रीपेक्षा अधिक मात्रा लागू शकते, त्यामुळे जावेची किंवा बहिणीची गोळी आपल्याला चालेल असे समजू नये. गोळी चालू असताना एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली, अचानक दम लागला, छातीत दुखले किंवा कधी नव्हे असे डोके दुखले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

स्तनाचा कर्करोग झालेल्या स्त्रीला, तसेच पायात किंवा फुप्फुसात गुठळी झालेली, यकृताचा गंभीर आजार असलेली किंवा कारण न कळलेला रक्तस्राव होणारी स्त्री यांना इस्ट्रोजेन सहसा दिले जात नाही. काही तरुण रुग्णांची अंडाशये स्तनाच्या कर्करोगाच्या उपचाराचा भाग म्हणूनच काढलेली असतात. त्यांनी कर्करोग तज्ज्ञांना विचारल्याशिवाय मलमसुद्धा वापरू नये. गरम वाफांवर संप्रेरकांखेरीज इतर औषधे आहेत आणि हाडांसाठीही आहेत, त्यामुळे "तुम्हाला काहीच देता येत नाही" हे उत्तर अपुरे समजावे.

दरवर्षीची शिस्त

रक्तदाब, साखर आणि वजन यांची नोंद ऑपरेशनच्या वर्षापासूनच ठेवावी. तिशीपुढच्या प्रत्येकाची रक्तदाब आणि साखर तपासणी गावच्या उपकेंद्रातील आयुष्मान आरोग्य मंदिरात (पूर्वीचे आरोग्यवर्धिनी केंद्र) विनामूल्य होते. कोलेस्टेरॉल वर्षातून एकदा पाहावे. हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी शक्य तितक्या लवकर एकदा करून घ्यावी आणि ती पुन्हा केव्हा करायची हे डॉक्टरांना विचारावे. शिबिरात टाचेला यंत्र लावून जी तपासणी होते तिच्यावर निर्णय घेऊ नये. या सुविधेसाठी साताऱ्याचे क्रांतिसिंह नाना पाटील सर्वसाधारण रुग्णालय, मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा कऱ्हाडची मोठी रुग्णालये येथे आधी चौकशी करून मगच प्रवास करावा. गर्भाशयाचे तोंड ठेवलेले असेल, तर त्याची कर्करोग तपासणीही चालू ठेवावी लागते, हे पुष्कळदा निसटते.

कॅल्शियम दिवसाला 1000 ते 1200 मिलिग्रॅम हवे आणि त्यातले बरेचसे ताटातून मिळवता येते. जावळी, पाटण आणि महाबळेश्वरच्या डोंगरात पिकणारी नाचणी येथे आपल्या कामाला येते: 100 ग्रॅम नाचणीत साधारण 340 मिलिग्रॅम कॅल्शियम असते, म्हणजे एका बेताच्या भाकरीतून दीड-दोनशे मिलिग्रॅम मिळते. त्यावर दोन वाट्या दूध किंवा दही आणि तिळाची चटणी असेल, तर गोळीवरचा भार बराच कमी होतो. गोळी घ्यावीच लागली, तर एका वेळी 500 मिलिग्रॅमपेक्षा अधिक घेऊ नये आणि लोहाच्या किंवा थायरॉईडच्या गोळीबरोबर घेऊ नये. ड जीवनसत्त्वाच्या 60,000 युनिटच्या पुड्या दुकानातून आणून मनाला येईल तशा महिनोन्‌महिने खाणाऱ्या स्त्रिया मी पाहिल्या आहेत. तेही अपायकारक आहे.

"आम्ही दिवसभर रानातच असतो, व्यायाम कशाला?" असे विचारले जाते. रानातल्या कामाचा हाडांना उपयोग होतो हे खरे, पण उकिडवे बसून केलेल्या खुरपणीने मणक्यांवर आणि खुब्यावर हवा तसा भार पडत नाही, आणि हाडे ठिसूळ झालेल्या बाईने कमरेतून वाकून उसाची मोळी उचलणे धोक्याचेच आहे. अर्धा तास झपझप चालणे, जिन्याची चढउतार आणि आठवड्यातून दोन-तीन वेळा हातापायांना वजन लावून केलेला व्यायाम पुरेसा होतो.

मशेरीबद्दल थोडे कडक बोलावे लागेल. आपल्या भागात सकाळी दातांना मशेरी लावल्याशिवाय दिवस सुरू न होणाऱ्या बायका घराघरात आहेत आणि तिला कोणी तंबाखू मानत नाही. ती भाजलेली तंबाखूच आहे, आणि अंडाशये गेलेल्या शरीराला, हृदय आणि हाडे दोन्ही आधीच उघडी पडलेली असताना, तिची भर घालणे परवडणारे नाही.

मन खचत असेल, काही आठवड्यांपासून झोप आणि भूक उडाली असेल, तर त्यालाही बाईच्या स्वभावाचा दोष न मानता ऑपरेशनचा परिणाम समजून डॉक्टरांना सांगावे. मानसिक आरोग्यासाठीच्या शासनाच्या टेलिमानस या फोन सेवेचा 14416 हा क्रमांक विनामूल्य आहे आणि तेथे मराठीत बोलता येते.

ऑपरेशन अजून व्हायचे असेल तर

गाळप हंगाम सुरू झाला की बीडकडून, तसेच माण, खटाव, जत, आटपाडी या दुष्काळी तालुक्यांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या आपल्या नदीकाठच्या फडांवर येतात. कोयत्यावर काम करणाऱ्या बाईला पाळीच्या दिवसांत खाडा परवडत नाही, कारण घेतलेल्या उचलीतून (आगाऊ रकमेतून) पैसे कापले जातात; फडावर आडोसा नाही, पाणी नाही. बीड जिल्ह्यात 2019 मध्ये नेमलेल्या समितीने सुमारे 82 हजार ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा 13 हजार 800 हून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. अंगावरून पांढरे जाणे, पाठ दुखणे, पाळीत जास्त जाणे या तक्रारींवर आधी औषधे, जंतुसंसर्गाचे उपचार किंवा गर्भाशयात बसवायची संप्रेरकयुक्त तांबी असे मार्ग आहेत, आणि त्यांपैकी किती मार्ग करून पाहिले, हे ऑपरेशनची तारीख घेण्यापूर्वी विचारावे.

"पुढे कॅन्सर व्हायला नको, म्हणून अंडाशयेही काढून टाकू" हे वाक्य ऐकू आले, तर घरात कोणाला अंडाशयाचा किंवा कमी वयात स्तनाचा कर्करोग झाला होता का, याचा आधी विचार करावा. झाला असेल, तर बीआरसीए या जनुकाच्या तपासणीविषयी विचारावे. त्यात दोष आढळलेल्या स्त्रीने ठरावीक वयानंतर अंडाशये काढणे हा योग्य आणि जीव वाचवणारा निर्णय असतो. ज्यांना असा दोष किंवा कौटुंबिक इतिहास नाही, त्या भारतीय स्त्रियांमध्ये अंडाशयाचा कर्करोग आयुष्यात शंभरात एकीलाही होत नाही. शिवाय यातील अनेक कर्करोग मुळात नलिकांत सुरू होतात असे आता दिसून आले आहे, त्यामुळे नलिका काढून अंडाशये ठेवणे हा मधला मार्ग निघाला आहे. पीळ पडून मृत झालेले अंडाशय, मोठ्या गाठी किंवा औषधांना न जुमानणारा एंडोमेट्रिऑसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) असेल, तर मात्र डॉक्टरांपुढे दुसरा पर्याय नसू शकतो.

संमतीच्या कागदावर सही करताना "अंडाशये काढणार का, आणि का?" हा प्रश्न विचारून उत्तर त्याच कागदावर लिहून घ्यावे. भूल दिलेल्या अवस्थेत एका स्त्रीच्या आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय आणि अंडाशये काढल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2008 मध्ये स्पष्ट केले की, जीव वाचवण्याची तातडी नसेल, तर तपासणीसाठी दिलेली संमती अवयव काढण्यासाठी चालत नाही आणि सज्ञान स्त्रीऐवजी दुसऱ्याची सही पुरत नाही. अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने 2022 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि त्या तीन महिन्यांत स्वीकाराव्यात असा आदेश न्यायालयाने एप्रिल 2023 मध्ये राज्यांना दिला. म्हणजे दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेणे हा अविश्वास ठरत नाही. सातारा, सांगली किंवा मिरज येथील शासकीय रुग्णालयात ते केसपेपरच्या खर्चात मिळते.

कागद हाती आले की त्यांच्या दोन छायाप्रती काढाव्यात, एक प्रत माहेरी ठेवावी, आणि फाईलच्या पुठ्ठ्यावर आतून मराठीत तीन ओळी लिहाव्यात: ऑपरेशनची तारीख, त्या दिवशीचे वय, आणि अंडाशये 'दोन्ही काढली', 'एक काढले' की 'ठेवली'. पुढे कोणत्याही दवाखान्यात, अगदी दातांच्यासुद्धा, जाताना ती फाईल पिशवीत असावी.